टायपिंगबाईंनी काढलेला अ

ते साल एकोणीसशे सहासष्ट. रोममध्ये जगभरच्या बिशपांची मोठी महासभा भरली होती, ती गेल्याच डिसेंबरात आटोपली होती. आणि त्याच वर्षी टायपिंगबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

टायपिंगबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारायच्या भानगडीतही पडलं नाही. खाली टायपिंगचा क्लास, वर घर. खाली आठ मशीन एकदम चालू झाली की वर कपाटातल्या कपबशा थरथरायच्या, आणि त्या थांबल्या की क्लास सुटला असं समजून सून भाताखालचा विस्तव कमी करायची. बाई तरुणपणी विधवा झाल्या. नवऱ्याने मागे दोन मशीन आणि एक मुलगा ठेवला होता. मशीनची बाईंनी आठ केली, मुलगा एकच राहिला.

बाईंचा शिकवायचा मंत्र एकच होता. "डोळ्याने अक्षर उचलायचं आणि बोटाने खाली ठेवायचं. मधे डोकं आणायचं नाही. डोकं मधे आलं की वेग पडला." म्हणून विद्यार्थ्यांच्या हातांवर कापडाचा पडदा असायचा आणि भिंतीवर पाटी असायची: 'टायपिस्ट वाचत नाही.' एका मुलीला टाइप करता करता मजकूर वाचून हसू आलं, तर बाईंनी तिला उठवून उभं केलं होतं. "हसायचं असेल तर पगारी नोकरी सोडून हस," म्हणाल्या.

सून अशीच शिकायला आली आणि घरातच राहिली. ती कॅथलिक, बाईंचं घर दुसऱ्या धर्माचं. लग्न बिशपसाहेबांची परवानगी काढून चर्चमध्ये लागलं. बाई ठेवणीतलं नेसून पहिल्या बाकावर बसल्या. लोक उठले की उठल्या, बसले की बसल्या. गुडघे मात्र टेकले नाहीत. "गुडघे माझे आहेत, कुणापुढे वाकवायचे ते मी बघेन," असं त्यांनी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं. पुढे एका घरात दोन देव सुखाने नांदले. सुनेचा क्रूस तिच्या खोलीत, बाईंचा देव बाईंच्या कोनाड्यात. आंघोळ झाली की बाई त्याच्यापुढे हात जोडून उभ्या राहायच्या, काय ते बोलायच्या आणि खाली येऊन क्लासचं कुलूप काढायच्या.

सुनेची आई ती लहान असतानाच गेली होती. मावशीने वाढवलं. मावशी मेणबत्त्या करायची आणि चर्चच्या दाराशी विकायची, म्हणून सगळे तिला मेणबत्तीमावशी म्हणत. मावशीने प्रेम केलं, पण ते सूचनांच्या रूपाने. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सुनेला विषमज्वर झाला, तेव्हा टायपिंगबाईंनी क्लासला कुलूप लावलं आणि उशाशी बसून राहिल्या. लाड नाहीत, गोड बोलणं नाही. चमच्याने पाणी पाजायच्या आणि म्हणायच्या, "गीळ. नाटकं नकोत." तापाच्या गुंगीत सुनेने त्यांना दोनदा 'आई' म्हटलं. ताप उतरल्यावरही ते तसंच राहिलं.

तर ही आई आजारी पडली.

डॉक्टर म्हणाले, "खडे काढावे लागतील. पण बाई, तुमचं हृदय जरा नाजूक आहे. मी माझ्याकडून सगळं करीन, शब्द मात्र देत नाही."

"शब्द नको, तारीख द्या," बाई म्हणाल्या. "माझी परीक्षेची बॅच आहे."

तारीख मिळाली. बाई घरी येऊन नेहमीसारख्या जेवल्या, निजल्या. सुनेला मात्र घास उतरेना. माणूस मरतं, हे तिला लहानपणीच कळलेलं होतं. त्याचं तिला नवल नव्हतं. तिची एकच धास्ती होती. तिला पुढे कधीतरी वर जायचं होतं, तिथे जन्म देणारी आई भेटणार होती. आणि ही दुसरी तिथे नसली तर? तिच्या हिशेबाने तो स्वर्ग अर्धाच भरत होता.

ती मावशीकडे गेली. मावशीच्या खोलीत मेणाचा वास आणि खिळ्यांवर टांगलेल्या वातींच्या जुड्या. मावशी मेण ढवळत होती.

"मावशी, आईंचं काय होईल गं?"

"ऑपरेशन होईल."

"त्याच्या पुढचं विचारतेय."

मावशीने पळी थांबवली. "पोरी, माझ्या लहानपणी शिकवलं ते मला येतं. चर्च म्हणजे नोहाची होडी. होडीत बसला तो वाचला, पाण्यात राहिला तो बुडाला."

"आईंना पोहता येतं."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! देवाशी थट्टा?"

सून थट्टा करत नव्हती. ती तशीच उठून फादरांकडे गेली.

फादर उंच, किडकिडीत, स्वभावाने सुतासारखे सरळ. अक्षराने मात्र नव्हते. त्यांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून आलेली मुंगी कागदावर घर शोधत फिरावी तसं. चर्चचं रविवारचं पत्रक ते स्वतः लिहीत: थोडं प्रवचन, थोडी शिकवण, शेवटी कुणाचं लग्न नि कुणाचं मरण. ते अक्षर लावू शकणारी व्यक्ती साऱ्या गावात एकच होती, टायपिंगबाई. त्यामुळे कित्येक वर्षं चर्चचं पत्रक बाईच टाइप करत. स्टेन्सिल कापून द्यायच्या, मुलगा सायक्लोस्टाइलच्या मशीनवर प्रती काढायचा आणि मावशी त्या दाराशी वाटायची. असा सगळा घरचाच कारभार होता.

सून गेली तेव्हा फादर सायकल उलटी करून पंक्चर काढत होते. तिने प्रश्न विचारला. त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघत उत्तर दिलं.

"महासभेने यावर लिहिलंय, मुली. ज्यांना आपला काही दोष नसताना येशूची सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्याच्या कृपेने आपली सदसद्विवेकबुद्धी सांगेल तसं वागायची धडपड करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं."

"शकतं म्हणजे मिळतं?"

"शकतं म्हणजे शकतं. हा नियम तसा जुनाच आहे. जुन्या ग्रंथांत त्याला अजिंक्य अज्ञान म्हणतात. ज्याच्यावर माणसाला आपल्या बळावर मात करता येत नाही असं अज्ञान. त्याचा दोष देव लावत नाही."

सुनेला इतकं हलकं वाटलं की तिने फादरांची सायकल धरून ठेवली, पंप मारू लागली, आणि घरी जाताना वाटेत मावशीला गाठून सगळं सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"अज्ञान म्हणालीस?"

"अजिंक्य अज्ञान."

"अगं, फादरांचं अक्षर न् अक्षर विहीणबाईंच्या बोटांखालून जातं. पापक्षमा म्हणू नको, पुनरुत्थान म्हणू नको, सगळं टाइप केलंय त्यांनी. माझ्या विहीणबाईंना ठाऊक नाही असं आपल्या धर्मात काही शिल्लक आहे का? आणि ज्याला ठाऊक आहे आणि तरी येत नाही, त्याचं काय? ते नाही का लिहिलं महासभेने?"

लिहिलं होतं. सुनेने दुसऱ्या दिवशी फादरांना विचारून घेतलं. चर्च तारणासाठी आवश्यक आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि तरी जो आत यायला नाकारतो, त्याला तारण नाही.

पण सुनेकडे एक उत्तर होतं. ते भिंतीवरच टांगलेलं होतं. टायपिस्ट वाचत नाही! आईंच्या डोळ्यातून सुवार्ता आत गेली असेल आणि बोटातून बाहेर पडली असेल, डोक्याला तिचा वारासुद्धा लागला नसेल. एवढी मोठी टायपिस्ट गावात दुसरी नव्हती; म्हणजे एवढं पक्कं अज्ञानही दुसरं नसणार. खात्री करून घ्यायला तिने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, परवाच्या पत्रकात काय होतं हो?"

"दोन पानं. दुसऱ्या पानावर समास कमी सोडावा लागला."

"आणि मजकूर?"

"काळा," बाई म्हणाल्या आणि ताकाची वाटी उचलली.

सून त्या रात्री गाढ झोपली. त्यानंतर तिने घरात पहाराच बसवला. बाई स्टेन्सिल कापायला बसल्या की ती काहीतरी विचारायला जाई, म्हणजे लक्ष मजकुरात राहू नये. मावशी आली की तिला दारातूनच परत लावी, कारण मावशीच्या तोंडी एखादं वचन असायचंच. नवऱ्याला तिने विश्वासात घेऊन सांगितलं, की आईंपुढे येशूबद्दल काही नेमकं बोलू नका.

"मी काहीच नेमकं बोलत नाही," नवरा म्हणाला. "मी रिबन बदलतो." घरातल्या कुठल्याही वादात त्याचं हे ठरलेलं उत्तर असे.

गोष्ट इथेच थांबती, पण फादर भले माणूस. सुनेची तळमळ बघून त्यांना वाटलं, गावात अशी घरं आणखी असतील. एक दुसऱ्या धर्मातली जाऊ, एक दुसऱ्या धर्मातला जावई. म्हणून त्या आठवड्याच्या पत्रकाचा विषय त्यांनी हाच घेतला: 'इतर धर्मांतील आपल्या प्रियजनांचे तारण.' मजकूर लिहून, घडी घालून, नेहमीसारखा टायपिंगबाईंकडे पाठवून दिला. भला माणूस फार विचार करत नाही.

रविवारी मिस्सेची उपासना सुटली. मावशीने पत्रकं वाटली. लोक वाचत वाचत पायऱ्या उतरू लागले आणि हळूहळू पायऱ्यांवरच थांबू लागले. पत्रकात ठळक लिहिलं होतं: 'आपला दोष नसताना जे चर्चबाहेर राहिले, त्यांचे अजिंक्य ज्ञान त्यांच्या तारणाआड येत नाही.'

"ज्ञान कसं आड येईल?" पोस्टमन म्हणाला.

"अजिंक्य ज्ञान म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असणार," त्याची बायको म्हणाली. तिचा भाऊ धर्म सोडून गेला होता. तिने चार प्रती जास्तीच्या घेतल्या.

मावशीला वाचायला चष्मा लागायचा. तिने तो लावला, वाचलं, काढला, पुसला, परत वाचलं. मग सुनेच्या दंडाला धरून तिला खांबाआड नेलं.

"एक अ गेलाय."

"चूक झाली असेल गं."

"विहीणबाईंची? चूक?" मावशी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. बाईंच्या हातून चूक होत नाही हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

संध्याकाळी फादर स्वतः क्लासवर आले. मशीन झाकून ठेवलेली होती. बाई टेबलाशी बसून कार्बन पेपर सारखे करत होत्या. सून चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

"बाई, एक अ गळला," फादर म्हणाले.

"गळला नाही. काढला."

"का?"

"नको होता. फादर, माझ्या क्लासमध्ये ज्याला काही येत नाही त्याला मी सर्टिफिकेट देत नाही. तुमच्याकडे काही येत नाही म्हणून स्वर्ग देतात? बिचारी अडाणी आहे, घ्या आत! मला नाही चालणार. मी जन्मात कुठे ग्रेस मार्कांवर पास झालेली नाही."

फादर जरा हसले. "सगळेच ग्रेस मार्कांवर पास होतात, बाई. मीसुद्धा. आमच्याकडे तोच तर अभ्यासक्रम आहे. अज्ञान कुणाला तारत नाही, तारतो देव. अज्ञान म्हणजे एवढंच, की गुन्हा धरला जात नाही."

"मग तसं लिहायचं. शब्द चुकीचा घेतलात."

"शब्द माझा नाही, फार जुना आहे."

"जुना असला म्हणून काय झालं? जुनी रिबन बदलतोच ना आपण." बाईंनी कार्बन पेपर बाजूला ठेवले. "आता मला सांगा. मी त्यात येते का? अज्ञानात?"

सुनेने मनातल्या मनात जपमाळ सुरू केली. हो म्हणा, ती म्हणत होती. फादर, हो म्हणा.

"ते तुम्हीच सांगाल तर बरं," फादर म्हणाले.

"सांगते. पहिल्या पत्रकापासून वाचलंय मी. हरवलेल्या मेंढराचं तुम्ही तीनदा लिहिलंत, तिन्ही वेळा मेंढरं वेगवेगळ्या संख्येची. मी नव्याण्णव आणि एक करून घेतली. उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरल्या भावावर तुम्ही फार चटकन आटपलंत. त्याची बाजू मला पटते. डोंगरावरचं प्रवचन चांगलं आहे. ते मी दोनदा टाइप केलं; एकदा तुमच्यासाठी, एकदा असंच."

ट्रेमधला चमचा खाली पडला.

"आई!" सून म्हणाली. "टायपिस्ट वाचत नाही ना?"

"ते विद्यार्थ्यांसाठी. वाचलं की त्यांचा वेग पडतो. माझा पडत नाही."

"मग मी विचारलं तेव्हा तुम्ही काळा का म्हणालात?"

"जेवताना धर्मावर बोलू नये, पचत नाही," बाई म्हणाल्या. "आणि मला पित्ताचा त्रास आहे."

फादर चहा पिऊन उठले. सून त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात अजून ट्रे होता.

"आता संपलं ना, फादर? त्यांना सगळं कळतं."

"कळतं," फादर म्हणाले. "पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. आत मनात पटलेलं आहे आणि तरी हट्टाने नाही म्हणतोय, त्याची गोष्ट निराळी. प्रामाणिकपणे पाहिलं आणि पटलं नाही, त्याची निराळी. कोण कुठल्या रांगेत हे मला बाहेरून दिसत नाही."

"मग हमी काय?"

"हमी? हमी मी तुझीही देत नाही, माझीही देत नाही. आशा ठेव म्हणतो. हमीपेक्षा ती टिकाऊ असते." त्यांनी सायकलवर टांग टाकली, आणि जाता जाता म्हणाले, "आणि हे बघ, मावशी काही सुचवेल. मनाविरुद्ध दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हे. डोकं ओलं होतं, एवढंच."

मावशीने सुचवलंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने औषधाची धुतलेली बाटली चर्चमधल्या पवित्र पाण्याने भरून आणली.

"निकड असली की कुणीही देऊ शकतं. गुंगीचं औषध दिलं की डोक्यावर ओत, पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तीन नावं घे, मोकळी हो."

"मनाविरुद्ध चालत नाही मावशी, फादर म्हणाले."

"गुंगीत कसलं मन? मनच नसलं तर विरुद्ध कशाच्या?" मावशीने बाटली तिच्या पर्समध्ये कोंबली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "मला काय विहीणबाई जड झाल्यात का गं? भांडायला तरी कुणी हवं ना तिथे."

दवाखान्यात बाईंना खिडकीजवळची खाट मिळाली होती. सकाळची वेळ. नर्सने त्यांच्या केसांच्या दोन वेण्या घालून टोकांना पट्टी बांधली होती, त्यामुळे त्या फार म्हाताऱ्या आणि शाळकरी अशा दोन्ही दिसत होत्या. अंगठी, चष्मा, दातांची कवळी, सगळं काढून घेतलं होतं. मुलगा खाली औषधं आणायला गेला होता.

"पर्स का धरून बसलीस?" बाई म्हणाल्या. कवळी नसल्याने शब्द मऊ येत होते. "मावशीची बाटली आहे ना त्यात?"

सुनेने पर्स आणखी जवळ ओढली.

"विहिणीच्या पोटात तीळ भिजत नाही. काल जाताना मला सांगून गेली, की विहीणबाई, उद्या गुंगीत काही थंड लागलं तर हलू नका."

सुनेला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

"रडू नको, नर्स येईल. काढ ती बाटली. ओत."

"काय?"

"ओत म्हणते ना. मी जागी आहे, शुद्धीत आहे, हो म्हणते. काय विचारायचं असतं? विश्वास आहे का? आहे म्हणते. माझं काय जातं? केस ओले होतील. तू मात्र त्या बाकड्यावर दोन तास शांत बसशील."

सुनेने बाटली काढली. बूच काढलं. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. बाईंनी डोकं पुढे केलं, वेण्या मागे सारल्या. पांढऱ्या केसांमधला तो सरळ भांग सुनेच्या समोर होता. शब्द तिला पाठ होते. बाई हो म्हणणार होत्या, जाग्या होत्या. मावशीला सांगता आलं असतं, फादरांना सांगता आलं असतं. पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. तिचं सगळं भय या एका बाटलीभर पाण्यात विरघळणार होतं.

"आई," ती म्हणाली, "पटलंय का तुम्हाला?"

"मधेच काय विचारतेस? पाण्याचं बघ."

"सांगा ना."

बाईंनी डोकं वर केलं. चष्म्याविना त्यांना सुनेचा चेहरा धूसर दिसत असणार, पण त्या थेट तिच्याकडेच बघत होत्या. "नाही पटलं," म्हणाल्या. "खूप चांगलं आहे. पण पटलं नाही. तुझ्यासाठी म्हणते."

या बाईने पोटच्या पोराला वेगाच्या परीक्षेत दोनदा नापास केलं होतं. नात्यातल्या पोरींना सर्टिफिकेट द्या म्हणून आलेल्या जावेला दारातून परत पाठवलं होतं. खोटं त्यांच्या तोंडून सुनेने एकदाही ऐकलं नव्हतं. आणि आता, कदाचित तासाभरात देवापुढे उभं राहायचं असताना, सुनेपायी त्या आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला निघाल्या होत्या. तेही देवाच्याच नावाने.

सुनेने बूच लावलं.

"नको."

"का गं?"

"पटेल तेव्हा सांगा."

"आणि नाहीच पटलं तर?"

"तर मी वर भांडेन."

"कुणाशी?"

"जो दारात असेल त्याच्याशी."

"तू?" बाई म्हणाल्या. "तुला भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही. ती म्हणेल तो भाव देऊन येतेस."

"तुमच्यासाठी करीन."

बाईंनी सुनेचा हात धरला, आणि नर्स ढकलखुर्ची घेऊन येईपर्यंत धरून ठेवला. मग, "इथे ढेकणासारखी चिकटून बसू नको, घरी जाऊन क्लास उघड," असं सांगून गेल्या.

मुलगा तीन जिने चढून धापा टाकत आला. त्याने बाकावर ठेवलेली बाटली उचलली, बूच काढलं आणि गटागटा पिऊन टाकली.

"अहो! ते मंतरलेलं होतं!"

"पाणीच आहे ना," तो म्हणाला. "तहान लागली होती." आणि बायकोशेजारी बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मला काही झालं का?" सुनेने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि नाही म्हणाली.

बाई वाचल्या. खडे त्यांनी बाटलीत घालून घरी आणले आणि परीक्षेच्या बॅचला दाखवले. पुढच्याच पत्रकात फादरांनी खुलासा छापायला दिला, की मागच्या अंकात एक अक्षर राहून गेलं. बाईंनी तो जसाच्या तसा टाइप केला आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: 'अक्षर राहून गेले नव्हते.' फादरांनी ती तशीच जाऊ दिली.

फादरांची पुढे लांबच्या चर्चमध्ये बदली झाली. तिथून ते नियमित पत्रं पाठवत. बाई होत्या तोवर ती वाचून दाखवत. नंतर आलेली पत्रं कुणाला लागली नाहीत, त्यामुळे फादर शेवटी सुखात होते की आजारी, ते या घरात कधीच कळलं नाही. गेल्याचं मात्र कळलं, कारण ते छापून आलं होतं.

मावशी बाईंच्या आधी गेली. शेवटच्या आजारात तिची नजर गेली होती आणि शब्द आठवेनासे झाले होते. प्रार्थना म्हणायला चर्चमधल्या बायका यायच्या, पण घाई करायच्या, ओळी गाळायच्या, मावशी चिडायची. शेवटी तिने सांगितलं, "विहीणबाईंना बोलवा. त्या गाळत नाहीत." बाई रोज गेल्या. मरणाऱ्यासाठी म्हणायच्या सगळ्या प्रार्थना त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे न करता म्हटल्या, शेवटच्या आमेनपर्यंत. त्या आमेननंतर मावशीने त्यांचा हात दाबून विचारलं, "मग? पटलं का?" बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही झोपा."

मुलाने रिबन बदलल्या त्या रिबनच मिळेनाशा होईपर्यंत. मग त्याने मशीन विकली. एक ठेवलं. त्याला शेवटपर्यंत कुठल्याच बाजूचं मत नव्हतं, आणि तो अतिशय शांतपणे झोपेत गेला.

बाई ऑपरेशननंतर बरीच वर्षं जगल्या. एका पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि त्या आठवड्याभरात आटोपल्या. शेवटच्या दुपारी सुनेने पाणी पाजलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिने विचारलंच. बाईंनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "अजून नाही." थोड्या वेळाने त्या गेल्या. त्यांच्या धर्माप्रमाणे सगळं झालं. नवे फादर येऊन मागे उभे राहिले, आणि सुनेने तिच्या धर्माप्रमाणे डोळे मिटून जे म्हणायचं ते म्हटलं. ऑपरेशनच्या सकाळी बाई नुसतं 'नाही पटलं' म्हणाल्या होत्या. आता त्या 'अजून' म्हणाल्या होत्या. टायपिंगबाई एकही जास्तीचा शब्द घालत नसत, हे सुनेइतकं कुणाला ठाऊक?

सून आता सासूच्या तेव्हाच्या वयापेक्षाही म्हातारी आहे. रोज दोन आयांसाठी प्रार्थना करते. कुठलीही आधी घेतली तरी दुसरीला वाईट वाटेल म्हणून एक दिवस ही आधी, एक दिवस ती. आपल्याला वर घेतील याची तिला हमी नाही, आशा आहे. दारात काय बोलायचं ते तिने जुळवून ठेवलंय. आवाज चढवावा की हळू बोलावं, एवढंच अजून ठरत नाही.